लॅपटॉप उठतच नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी हे ऐका

आजचा भाग वरळी कोळीवाड्यात, आत्याच्या माळ्यावर बसून रेकॉर्ड केलाय. मागे मांजरांची भांडणं ऐकू येतील, ती कापलेली नाहीत.

झालं असं, की विंडोजचा अपडेट चालू असताना चार्जरची पिन निघाली. बॅटरी कधीचीच मेलेली, त्यामुळे आत्याचा लॅपटॉप धाडकन बंद. तेव्हापासून लोगो येतो, गोल फिरतो, परत रीस्टार्ट. आत कुठल्या हॉटेलकडे म्हावऱ्याची किती उधारी आहे याची दोन वर्षांची एक्सेल शीट. कॉपी कुठेच नाही. "माझा हिशोब गेला का रे?" एवढंच तिचं चाललेलं.

गल्लीतल्या एकाने लगेच सांगितलं, फॉरमॅट मार. मारला असता तर लॅपटॉप सुरू झाला असता, हिशोब गेला असता.

आधी बघा, अडतंय कुठे. लोगोही येत नसेल तर बहुधा हार्डवेअरचा घोळ. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत कॉन्टॅक्टवर गंज चढतोच. लोगो येतोय म्हणजे मशीन जिवंत आहे, विंडोज उठत नाहीये. अशा वेळी लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरा, बंद करा. दोन-तीनदा असं केलं की निळी रिकव्हरी स्क्रीन येते. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. 'रीसेट धिस पीसी'ला इतक्यात हात लावू नका.

पहिला डेटा. कमांड प्रॉम्प्ट उघडून नोटपॅड टाइप करा. त्याच्या फाइल-ओपनमध्ये खाली 'ऑल फाइल्स' निवडलं की तुमचे फोल्डर दिसतात. राइट क्लिक, कॉपी, पेनड्राइव्हवर पेस्ट. सी ड्राइव्ह इथे डी म्हणूनही दिसू शकतो. प्रोग्रेस दिसत नाही, हँग झाल्यासारखं वाटतं. धीर धरा.

मध्येच 48 आकडी बिटलॉकर की मागितली, तर मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडा, बहुतेकदा तिथे सेव्ह असते. आम्हाला अकाउंट कुठल्या ईमेलवर आहे हे शोधायलाच अर्धा तास लागला.

ही की किती महत्त्वाची, ते 19 जुलै 2024 ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकचा चुकलेला अपडेट आपल्याकडे सकाळी 9:39 ला सुटला, 78 मिनिटांत मागेही घेतला. तोवर सुमारे 85 लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकल्या होत्या. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. इलाज साधाच: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची. पण मशीन उठतच नाही म्हटल्यावर बऱ्याच ठिकाणी माणसाला प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जाऊन बसावं लागलं, आणि बिटलॉकर असेल तिथे आधी की शोधावी लागली.

आमच्याकडे अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या 'अनइन्स्टॉल अपडेट्स'ने काम झालं. तिथे लेटेस्ट क्वालिटी अपडेट काढला, रीस्टार्ट, लॉगिन स्क्रीन हजर. नसतं झालं तर स्टार्टअप रिपेअर, मग सिस्टम रिस्टोअर, आणि अगदी शेवटी रीसेट.

आत्याने लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. पेनड्राइव्हवरची शीट माझ्या मशीनवर उघडायला लावली, एका हॉटेलचा आकडा वाचला आणि तिथल्या तिथे त्यांना फोन लावला.