गोळी बंद का आणि इंजेक्शन सुरू का?



घरातील एखादे वडीलधारे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी जातात, तेव्हा घरच्यांना कोडे पडते. ऑपरेशनपूर्वी डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी बंद करायला सांगतात आणि ऑपरेशननंतर तेच डॉक्टर रक्त पातळ करणारे इंजेक्शन देतात. मग खरे कोणते? दोन्ही खरे आहे.

या औषधांनी रक्त पाण्यासारखे होत नाही. ते गोठण्याची क्रिया फक्त मंदावते. हृदयाची झडप बदललेल्यांना, स्टेंट बसवलेल्यांना किंवा ठोके अनियमित असणाऱ्यांना ती देतात. मात्र प्रोस्टेटभोवती शिरांचे दाट जाळे असते. औषधाचा अंमल असताना तेथे शस्त्रक्रिया केली तर रक्तस्राव आवरणे कठीण जाते. म्हणून वॉरफेरिन साधारण 5 दिवस, क्लोपिडोग्रेल 5 ते 7 दिवस आणि अपिक्साबान किंवा रिव्हरोक्साबान बहुधा 2 दिवस आधी थांबवतात. स्टेंट असलेल्यांची ॲस्पिरिन मात्र पुष्कळदा चालू ठेवतात, कारण स्टेंट गुठळीने बंद झाला तर जिवावर बेतते. तेव्हा स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नये.

ऑपरेशननंतर धोका उलट दिशेने येतो. कर्करोग, ओटीपोटातील शस्त्रक्रिया आणि पडून राहणे या तिन्हींमुळे पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. ती फुप्फुसात गेली तर मृत्यूही ओढवतो. त्यासाठी हेपारिनच्या जातीचे इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली देतात; काही रुग्णांना ते घरी गेल्यावरही, एकूण 4 आठवड्यांपर्यंत घ्यावे लागते. बरे वाटते म्हणून ते मध्येच सोडू नये. लवकर चालू लागणे हेही औषधच आहे.

रुग्णासोबत जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या. सांधेदुखीच्या गोळ्या आणि जडीबुटीही डॉक्टरांना दाखवा. त्यांतील काहींमुळे रक्तस्राव वाढतो. गोळी कोणत्या तारखेला बंद करायची आणि कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची, हे कागदावर लिहून घ्या. दुसरी तारीख विसरली जाते आणि तेथेच घात होतो.

एका पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप, छातीत कळ, लघवीतून रक्ताच्या गाठी किंवा नळी तुंबणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.