खाजकुयली, सर्पगंधा आणि नराची इच्छा

रत्नागिरीकडे गडग्यावर चढलेली खाजकुयली पोरांनाही ओळखता येते. शेंगेवरची कूस अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो. तिच्या बिया म्हणजे कवचबीज. वाजीकरणात, म्हणजे कामशक्ती वाढवण्याच्या आयुर्वेदिक उपचारांत, त्यांचं नाव फार जुनं. ही बी काम करते ती अंडकोशात की डोक्यात, या प्रश्नाने मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे.

१९३७ साली मद्रास विद्यापीठात दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा नावाचं रसायन वेगळं केलं. मेंदूशी त्याचं नातं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते उलगडलं दुसऱ्याच वनस्पतीमुळे. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला होता. तिच्या मुळीतलं रेसर्पिन स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये उंदरांना आणि सशांना दिलं. प्राणी निपचित पडले. मग एल-डोपा टोचलं, तसे उठून हिंडू लागले. कोकणच्या रानात या दोन्ही वनस्पती सापडतात: एक मेंदूतलं डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन आटवते, दुसरीच्या बीत ते घडवण्याचा कच्चा माल आहे.

कामेच्छेपर्यंत हा धागा नेला तो बफेलोच्या एलेन हल यांनी. त्यांचा १९९५चा निबंध मी पुन्हापुन्हा वाचतो. नर उंदराच्या मेंदूत, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात, बारीक नळी बसवून त्या डोपामिन मोजत राहिल्या. माजावर आलेली मादी जाळीपलीकडे ठेवली. स्पर्श नाही, नुसता वास आणि चाहूल; तरी डोपामिन चढलं. जाळी काढल्यावर जे नर मादीवर चढले, त्या सगळ्यांत ते आधीच चढलेलं होतं. वृषणं काढून दोन आठवडे झालेल्या नरांत ते चढलं नाही आणि समागमही झाला नाही. जाळीपलीकडे दुसरा नर ठेवला, तर काहीच घडलं नाही.

केंब्रिजच्या बॅरी एव्हरिट यांचं निरीक्षण मात्र वेगळं. मेंदूचा हाच भाग निकामी केला तर नराचा समागम थांबतो, पण मादी मिळावी म्हणून कळ दाबणं तो सोडत नाही. म्हणजे ओढ एका जागी, कृती दुसऱ्या जागी. मला एव्हरिट यांची मांडणी जास्त पटते. ‘ताकद’ विकणाऱ्या जाहिराती या दोन्ही गोष्टी एकाच डबीत भरतात, याचा मला राग येतो.

दापोलीजवळच्या मुरुडला जन्मलेले र. धों. कर्वे असते तर त्यांनी यावर अंक काढला असता. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून ते ब्रह्मचर्याच्या बडेजावावर तुटून पडत होते. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे १९५३ साली गेले, कार्लसन यांच्या प्रयोगाच्या चार वर्षं आधी.

मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कवचबीज कंपवाताच्या, म्हणजे मेंदूतलं डोपामिन कमी पडलेल्या, रुग्णांना देऊन पाहिलं. ते निष्कर्ष १९७८ मध्ये छापून आले. कंपवातासाठी एल-डोपा घेणाऱ्या काही रुग्णांची कामेच्छा अनावर होते, हेही डॉक्टरांना ठाऊक आहे. बीमध्ये वजनाच्या साधारण चार ते सहा टक्के एल-डोपा असतं, आणि गोळीतल्या एल-डोपात त्याची भर पडते. घरात कंपवाताचं किंवा मानसिक आजाराचं औषध चालू असेल, तर कवचबीजाची पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाला देऊ नका.