गाडीची पाच अक्षरी तक्रार

समजा तुम्ही मारेगावहून मोटारीने वणीला निघाला आहात. वाटेत चालकासमोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी तर धावते आहे! मग तक्रार कसली?

हल्लीच्या मोटारीत एक छोटा संगणक असतो. त्याला ईसीयू म्हणतात. ठिकठिकाणच्या सेन्सरांकडून तो सतत माहिती घेतो. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला, की दिवा लावतो आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवतो. धूर वाढवणारा बिघाड लगेच कळावा म्हणून अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली. भारतात तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१३ मध्ये.

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला, की क्रमांक दिसतो. समजा, 'पी०५६२' आला. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरचा विभाग. पुढचे शून्य सांगते, की या क्रमांकाचा अर्थ सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच आहे. आणि ५६२ म्हणजे विजेचा दाब कमी!

मग काय, आणायची नवी बॅटरी? थांबा! इथेच हजारो रुपये वाया जातात. थर्मामीटर ताप दाखवतो. पण तो हिवतापाचा की टायफॉइडचा, हे डॉक्टरांनाच शोधावे लागते. तसाच हा क्रमांक. कुठे शोधायचे ते सांगतो, काय बदलायचे ते नाही.

हुशार मिस्त्री आधी मल्टिमीटर काढतो. काही तास बंद असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू केल्यावर अल्टरनेटर वीज तयार करू लागतो आणि बहुतेक गाड्यांत आकडा साडेतेरा ते साडेचौदापर्यंत चढतो. चढलाच नाही तर? अल्टरनेटरचा पट्टा सैल असेल किंवा तो स्वतःच बिघडला असेल. पण अल्टरनेटरपाशी १४.२ आणि बॅटरीपाशी १२.३ भरले, तर? मधले जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच हरवले! मग चोर वायरमध्ये किंवा जोडात लपलेला असतो. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी, ढिला नट, गंजलेली अर्थिंगची वायर. असा जोड घासून, आवळून काम भागते. नवा भाग लागतच नाही.

अर्थात, बॅटरीही दोषी असू शकते. विदर्भातला उन्हाळा तिला लवकर म्हातारी करतो. पण आरोप करण्याआधी पुरावा हवा ना?

काही जण स्कॅनरने क्रमांक नुसताच पुसून टाकतात. दिवा विझतो खरा, पण मूळ दोष तसाच राहिला तर पुन्हा लागतो. आणि हो, चालू इंजिनात हात घालायचा नाही बरं का! ते काम मिस्त्रींचे. तुम्ही शेजारी उभे राहून एवढेच विचारा, "काका, मीटरवर किती व्होल्ट आले?"