प्रदेशाचा कारभारी सिनेटमध्ये जातो तेव्हा

रोमकडे जाणाऱ्या वाटा : लेखांक ५

२० मे २०१२, रविवारची पहाट. चार वाजून तीन मिनिटांनी उत्तर इटलीतल्या पो नदीच्या सपाट खोऱ्यात जमीन हादरली. फिनाले एमिलिया गावातला जुना घड्याळाचा मनोरा वरपासून खालपर्यंत चिरला. एक बाजू ढासळली, दुसरी तशीच उभी राहिली आणि तिच्यावर घड्याळाची अर्धी तबकडी. त्या अर्ध्या मनोऱ्याचं छायाचित्र काही तासांत देशभर पोहोचलं. दुपारी आणखी एक मोठा धक्का बसला आणि उरलेली बाजूही जमीनदोस्त झाली.

नऊ दिवसांनी, २९ मेच्या सकाळी नऊ वाजता, दुसरा मोठा भूकंप झाला. तोवर कारखाने पुन्हा सुरू झाले होते, कामगार पाळीवर आले होते. या भागात गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या औद्योगिक शेडमध्ये काँक्रीटच्या आयत्या तुळया खांबांवर नुसत्या ठेवलेल्या असत. त्या जागच्या जागी राहत त्या स्वतःच्या वजनाने आणि घर्षणाने. खांबाला बांधून ठेवणारा बोल्ट नाही की सळई नाही. २००३ सालापर्यंत हा प्रदेश भूकंपप्रवण समजलाच जात नव्हता, त्यामुळे तशी बांधकामं नियमात बसत होती. जमीन आडवी हलली आणि तुळया खांबांवरून सरकून खाली आल्या. सान फेलिचे गावातल्या एकाच कारखान्यात तिघे गेले. एक इटालियन अभियंता, एक मोरोक्कोतून आलेला कामगार आणि एक भारतातून आलेला कामगार.

या संकटात ज्याच्याकडे सगळे पाहत होते तो माणूस रोममध्ये नव्हता. तो बोलोन्यात होता. त्यांचं नाव वास्को एर्रानी, एमिलिया-रोमान्या प्रदेशाचे अध्यक्ष.

‘प्रदेशाध्यक्ष’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पक्षाचा पदाधिकारी येतो, म्हणून आधी एक खुलासा. इटलीत प्रदेशाचा अध्यक्ष म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारं पद. देशात असे वीस प्रदेश आहेत, त्यांतल्या पाचांना खास दर्जा आहे. उरलेल्या सर्वसाधारण प्रदेशांच्या पहिल्या निवडणुका १९७० मध्ये झाल्या, हे या लेखमालेत आधी आलंच आहे. प्रदेशाच्या तिजोरीतला सर्वांत मोठा वाटा जातो आरोग्यसेवेवर. रुग्णालयं, दवाखाने, लसीकरण, सगळं प्रदेश चालवतो. म्हणजे इटालियन माणूस आजारी पडला की त्याची गाठ रोमशी नव्हे, प्रदेशाशी पडते.

एर्रानींचा जन्म १९५५ चा, रावेन्ना जिल्ह्यातल्या मास्सा लोम्बार्दा या फळबागांच्या गावातला. रोमान्याच्या या पट्ट्यात शेतमजुरांच्या सहकारी संस्था एकोणिसाव्या शतकापासून रुजलेल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या गावागावांत कम्युनिस्ट पक्षाची शाखा हे सामाजिक जगण्याचं केंद्र होतं. एर्रानी याच पक्षात घडले. आधी रावेन्नाच्या नगरपालिकेत नगरसेवक, मग १९९५ मध्ये प्रदेशाच्या सभागृहात. पक्षाचं नाव या काळात पुन्हा पुन्हा बदललं. १९९१ मध्ये कम्युनिस्ट पक्ष विसर्जित होऊन ‘डावा लोकशाही पक्ष’ झाला आणि २००७ मध्ये त्यातूनच आजचा डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला. माणसं मात्र बरीचशी तीच राहिली. बोलोन्यातून रोमला गेलेले पिएर लुईजी बेर्सानी हेही याच प्रदेशाचे माजी अध्यक्ष, आणि एर्रानी त्यांचे जवळचे सहकारी.

मार्च १९९९ मध्ये तेव्हाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि सभागृहाने एर्रानींना निवडलं. तेव्हा अध्यक्ष सदस्यांच्या मतांनी ठरत असे, त्यामुळे माणूस बदलला तरी सभागृह कायम राहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस घटनादुरुस्ती झाली आणि २००० पासून अध्यक्ष थेट मतदारांनी निवडायचा असं ठरलं. या बदलात एक कलम फार मोलाचं होतं. अध्यक्षाने पद सोडलं की सभागृहही बरखास्त होतं आणि दोघांच्या निवडणुका नव्याने होतात. उभे राहतील तर दोघे, पडतील तर दोघे. पंधरा वर्षांनी हेच कलम एर्रानींच्या वाट्याला येणार होतं.

२००० मध्ये ते थेट मतदानाने निवडून आले, २००५ मध्ये पुन्हा, २०१० मध्ये पुन्हा. २००१ च्या घटनादुरुस्तीने प्रदेशांचे अधिकार आणखी वाढले, पण कोणता विषय रोमचा आणि कोणता प्रदेशाचा, याचा गुंताही वाढला. हा गुंता सोडवायची जागा संसद नव्हती. ती होती सरकार आणि प्रदेश यांची संयुक्त परिषद. राष्ट्रीय आरोग्यनिधीतला किती पैसा कोणत्या प्रदेशाला, यावर तिथे समोरासमोर बसून घासाघीस होते. प्रदेशांच्या बाजूने बोलतो तो प्रदेशांच्या आपसातल्या परिषदेचा अध्यक्ष, आणि २००५ ते २०१४ हे पद एर्रानींकडे होतं. २०१० मध्ये लोम्बार्दी, व्हेनेतो, पिएमोन्ते, लात्सिओ, काम्पानिया असे मोठे प्रदेश उजव्या आघाडीकडे होते. तरीही परिषदेची सूत्रं या डाव्या नेत्याच्या हाती राहिली. विरोधकांनाही ज्याचं बोलणं आणि आकडे विश्वासाचे वाटतात, अशाच माणसाला हे साधतं.

भूकंपात याच कसबाची परीक्षा झाली. सत्तावीस माणसं गेली, चाळीस हजारांहून अधिक लोक घराबाहेर पडले, नुकसान तेरा अब्ज युरोंच्या घरात गेलं. मिरांदोला हे गाव डायलिसिसची आणि रक्तशुद्धीकरणाची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यांसाठी युरोपभर ओळखलं जातं, तिथलं उत्पादन थांबलं. पार्मेजान चीजच्या गोदामांत मजल्यांएवढ्या उंच फळ्या कोसळल्या आणि सुमारे चाळीस किलोंचं एकेक चाक, अशी लाखो चाकं खाली पडली. हे चीज किमान बारा महिने मुरावं लागतं. म्हणजे शेतकऱ्यांची वर्षा-वर्षाची मेहनत एका सकाळी जमिनीवर आली. मग देशभरातून लोकांनी फुटलेल्या चाकांचे तुकडे विकत घेतले, आणि सहकारी दुग्धसंस्थांना तेवढाच आधार झाला.

जून २०१२ च्या वटहुकमाने पुनर्बांधणीचे अधिकार थेट प्रदेशाध्यक्षांना दिले गेले. तीन वर्षांपूर्वी ल’आक्विलाच्या भूकंपानंतर सूत्रं रोमच्या हाती होती आणि शहराबाहेर एकोणीस नव्या वसाहती उभ्या करण्यात आल्या होत्या. एमिलियात तसं झालं नाही. माणसं आपल्या गावाजवळ राहावीत, कारखाना तिथेच पुन्हा उभा राहावा, शाळा वेळेवर भरावी, हा क्रम ठरला. ज्यांनी स्वतःच्या राहण्याची सोय केली त्यांना दरमहा मदत मिळाली. मुलांसाठी तात्पुरत्या शाळा झपाट्याने बांधल्या गेल्या. निर्णयांत गावोगावच्या महापौरांना बरोबर घेतलं गेलं.

पैशाची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. घरमालकाच्या हातात रोख रक्कम दिली जात नसे. काम जितकं पुढे सरकेल तितके पैसे बँक थेट कंत्राटदाराला द्यायची, आणि बँकेचं कर्ज सरकार फेडायचं. अर्ज, नकाशे, अंदाजपत्रकं, सगळं संगणकावरून. गुन्हेगारी टोळ्यांनी कंत्राटं लाटू नयेत म्हणून तपासून घेतलेल्या कंपन्यांच्या याद्या ठेवल्या गेल्या. एवढं करूनही पाझर थांबला नाही. जानेवारी २०१५ मध्ये ‘आएमिलिया’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कारवाईत कालाब्रियातून आलेल्या न्द्रांगेता टोळीच्या शंभराहून अधिक लोकांना अटक झाली, आणि पुनर्बांधणीच्या कामांतही त्यांनी शिरकाव केल्याचं उघड झालं. सहकाराच्या आणि चोख कारभाराच्या या प्रदेशाला ती जखम खोल लागली.

तोवर एर्रानी पदावर नव्हते.

त्यामागची हकीकत अशी. २००६ मध्ये प्रदेशाने एका शेतकी सहकारी संस्थेला वाइनच्या कारखान्यासाठी दहा लाख युरोंचं अनुदान दिलं होतं. त्या संस्थेचे अध्यक्ष होते एर्रानींचे भाऊ. वर्तमानपत्रात प्रश्न उपस्थित झाल्यावर एर्रानींनी स्वतःहून सरकारी वकिलांकडे अहवाल पाठवला. त्या अहवालातच खोटी माहिती दिली, असा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. २०१२ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. ८ जुलै २०१४ रोजी अपील न्यायालयाने निकाल फिरवून एक वर्षाची शिक्षा सुनावली. इटलीत सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का बसेपर्यंत शिक्षा अंतिम होत नाही, थांबायला जागा होती. एर्रानींनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

आणि ते कलम लागू झालं. अध्यक्ष गेला, सभागृहही गेलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी निवडणूक झाली. स्तेफानो बोनाच्चिनी जिंकले, पण मतदान झालं अवघं ३७.७ टक्के. मतदानाला कधी न चुकणारा प्रदेश म्हणून ज्याचा लौकिक, तिथे दहातल्या सहांहून अधिक लोक घरी बसले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेचा निकाल रद्द करून खटला परत पाठवला आणि जून २०१६ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने एर्रानींना निर्दोष ठरवलं. गेलेलं पद अर्थातच परत येणार नव्हतं.

दोनच महिन्यांनी, २४ ऑगस्टच्या रात्री, मध्य इटलीतलं आमात्रीचे हे डोंगरी गाव भूकंपाने उद्ध्वस्त केलं. त्या भूकंपात एकूण २९९ माणसं गेली. सरकारने पुनर्बांधणीसाठी विशेष आयुक्त म्हणून एर्रानींना बोलावलं. एमिलियातला अनुभव पाठीशी होता, पण इथली जमीन वेगळी होती. तिकडे सपाट मैदान, कारखाने, सधन गावं, एकच प्रदेश. इकडे चार प्रदेशांत विखुरलेली शंभराहून अधिक लहान डोंगरी गावं, म्हातारी माणसं, अरुंद रस्ते. त्यात ३० ऑक्टोबरला ६.५ तीव्रतेचा धक्का बसला, नोर्चातलं संत बेनेडिक्ट यांचं प्राचीन चर्च कोसळलं आणि नुकसानीचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला. जानेवारीत बर्फ आणि भूकंप एकाच वेळी आले. लाकडी घरं मिळायला उशीर झाला, लोकांचा संताप रास्त होता. सप्टेंबर २०१७ मध्ये एर्रानींची आयुक्तपदाची मुदत संपली.

याच वर्षी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडला आणि बेर्सानींच्या पाठोपाठ डाव्या फुटीर गटात गेले. मार्च २०१८ च्या निवडणुकीत बोलोन्याच्या सिनेट मतदारसंघात ते उभे राहिले. समोर होते पिएर फेर्दिनान्दो कासिनी. जुन्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षात वाढलेल्या या नेत्याला आता डेमोक्रॅटिक पक्षाचा पाठिंबा होता. प्रचारात कासिनी एका सभागृहात बोलले, तिथल्या भिंतीवर कम्युनिस्ट नेत्यांच्या तसबिरी होत्या. कम्युनिस्ट पक्षात घडलेला माणूस मात्र त्यांच्या विरोधात होता. जागा कासिनींनी जिंकली. एर्रानी पक्षाच्या यादीतून प्रमाणशीर पद्धतीने निवडून आले. ३१५ जणांच्या सिनेटमध्ये त्यांच्या ‘मुक्त आणि समान’ या आघाडीचे चार सदस्य होते. स्वतंत्र गटासाठी तेव्हा दहा लागत, म्हणून ते मिश्र गटात बसले.

चार ही संख्याही कधी कधी जड होते. सप्टेंबर २०१९ पासून ही आघाडी पंतप्रधान कोन्ते यांच्या सरकारच्या बाजूने होती. जानेवारी २०२१ च्या विश्वासमतात सरकार १५६ विरुद्ध १४० मतांनी तरलं तेव्हा एकेक मत मोजलं जात होतं. २०२२ च्या अर्थसंकल्पाच्या विधेयकावर सिनेटमध्ये जे मांडणीकार नेमले गेले त्यांत एर्रानी होते. शेकडो दुरुस्त्यांतून कोणती घ्यायची आणि कोणती टाकायची, हे काम बऱ्याच अंशी अशा मांडणीकारांच्या हाती असतं. आकड्यांत रमणाऱ्या माणसाला ते शोभणारं होतं.

तरीही या कारकिर्दीकडे नीट पाहिलं की इटलीच्या राज्ययंत्रणेतली एक फट डोळ्यांत भरते. राज्यघटनेचं ५७ वं कलम सांगतं की सिनेट प्रदेशांच्या पायावर निवडलं जातं. प्रत्यक्षात तिथे प्रदेशांना प्रदेश म्हणून आवाज नाही. ६७ वं कलम प्रत्येक सदस्याला साऱ्या राष्ट्राचा प्रतिनिधी ठरवतं. सिनेटला प्रदेशांचं आणि नगरांचं सभागृह करण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०१६ च्या सार्वमतात ५९ टक्के मतांनी फेटाळला गेला. २०२० च्या सार्वमताने सदस्यसंख्या ३१५ वरून २०० वर आणली, पण सिनेट काय आहे हा प्रश्न तिथेच राहिला.

२०२० मध्ये कोविडने उत्तर इटलीला घेरलं, तेव्हा कोणत्या प्रदेशात दुकानं बंद, कुठे शाळा सुरू, किती व्हेंटिलेटर कुठे, हे सरकार ठरवत होतं ते प्रदेशांशी रोज बोलून. प्रदेशांच्या वतीने बोलणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष होते स्तेफानो बोनाच्चिनी. बोलोन्याच्या ज्या खुर्चीत पंधरा वर्षं एर्रानी बसले, त्याच खुर्चीतले त्यांचे वारस. त्याच वेळी सिनेटच्या मादामा प्रासादात, मिश्र गटाच्या बाकावर, या कामाचा नऊ वर्षांचा अनुभव असलेले सिनेटर एर्रानी बसले होते. २०२२ च्या निवडणुकीनंतर भरलेल्या लहान सिनेटमध्ये ते नाहीत.

पुढच्या लेखांकात बोलोन्याहून मिलानला जायचं आहे. लोम्बार्दीवर अठरा वर्षं राज्य करून २०१३ मध्ये सिनेटमध्ये गेलेले रोबेर्तो फोर्मिगोनी, त्यांनी उभी केलेली आरोग्यव्यवस्था आणि त्याच व्यवस्थेतून निघालेला खटला, यांविषयी.