जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र : निवड दोन वर्षांची, परिणाम आयुष्याचा

दहावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील घराघरांतून पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. बहुसंख्य विद्यार्थी राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत प्रवेश घेतात. ठाण्याचे बांदोडकर किंवा कल्याणचे बिर्ला महाविद्यालय ही नावे या परिसरात सर्वपरिचित आहेत. अलीकडे मात्र काही पालक ‘आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट’ या विद्यापीठपूर्व पदविकेचाही विचार करू लागले आहेत. म्हणून या अभ्यासक्रमाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे ठरते.

या पदविकेची संस्था जिनिव्हा येथे 1968 मध्ये स्थापन झाली. भारतात कोडाईकनाल येथील शाळेने 1976 मध्ये हा अभ्यासक्रम स्वीकारला. महाराष्ट्रात मुळशी तालुक्यातील महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये 1997 पासून तो शिकविला जातो. भारतीय विश्वविद्यालय संघ ही पदविका बारावीशी समकक्ष मानतो.

प्रयोगातून अभ्यास

विद्यार्थ्याला सहा विषय घ्यावे लागतात. त्यांपैकी सामान्यतः तीन उच्च स्तरावर आणि तीन प्रमाण स्तरावर असतात. विज्ञान विषयासाठी उच्च स्तरावर 240, तर प्रमाण स्तरावर 150 तासांचे अध्यापन अपेक्षित असते. त्यांतील अनुक्रमे 60 व 40 तास प्रायोगिक कार्यासाठी राखून ठेवलेले असतात. विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न निवडून केलेल्या संशोधनाला 20 टक्के आणि लेखी परीक्षेला 80 टक्के महत्त्व असते.

ठाण्याच्या खाडीकाठची कांदळवने याचे उत्तम उदाहरण होऊ शकतात. तिवराचे झाड खारट पाण्यात कसे तग धरते, हा जीवशास्त्राचा प्रश्न होय. पानांतील ग्रंथींवाटे ते जादा मीठ बाहेर टाकते. पाण्यातील क्षार जितके अधिक, तितकी त्याची विद्युतवाहकता अधिक. हे मापन भौतिकशास्त्राच्या कक्षेत येते. एकाच खाडीत दोन्ही शास्त्रांची अशी गाठ पडते.

रसायनशास्त्राचा विसर नको

सहा विषयांत दोन भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान व गणित यांचा समावेश असतो. सहावा विषय कलेचा असून त्याऐवजी दुसरे विज्ञान घेता येते. अशा रीतीने जीवशास्त्र व भौतिकशास्त्र निवडल्यास रसायनशास्त्र सुटते. येथेच सावधगिरी हवी. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) व इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. पाल्याने डॉक्टर व्हावे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही बाब प्रवेशापूर्वीच ध्यानात घ्यावयास हवी.

यातून मार्ग नाही असे नाही. विद्यापीठीय प्रवेशाच्या अटीचा पुरावा देऊन पूर्वपरवानगी मिळविल्यास, अन्य एका विषयाऐवजी तिसरे विज्ञान घेण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या निर्णयानुसार, राहिलेला विषय बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणूनही पूर्ण करता येतो. तथापि त्यासाठी वेळ व खर्च दोन्ही लागतात. उलट, राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व गणित असे चारही विषय एकत्र घेता येतात.

मार्गदर्शनाची जबाबदारी

मे महिन्यात होणाऱ्या या पदविकेच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या प्रारंभी जाहीर होतो. प्रवेशाच्या वेळापत्रकाशी त्याचा मेळ बसतो किंवा कसे, हेही पाहणे इष्ट ठरेल. अभ्यासक्रम कोणता श्रेष्ठ, हा प्रश्न येथे गौण आहे. विद्यार्थ्याला कोठे जावयाचे आहे आणि निवडलेले विषय त्याला तेथवर नेतील काय, हा खरा प्रश्न होय. कल्याण, भिवंडी वा शहापूर तालुक्यांतील खेड्यांमध्ये पालक प्रथम सल्ला विचारतात तो गावच्या शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना. त्यांनी एवढा एक प्रश्न वेळीच विचारावयास लावला, तरी एखाद्या होतकरू मुलाचे वर्ष वाया जाण्याचे टळेल.