पिकअपमधला रेडिओ बदलताना

चाकण-भोसरीच्या कारखान्यांना सुटे भाग पोचवणाऱ्या पिकअपची वीजयंत्रणा 12 व्होल्टची असते. मोठ्या ट्रकचा 24 व्होल्टचा रेडिओ तिथे चालत नाही. सिंगल डिन खोबणीचे माप सुमारे 180 बाय 50 मिलिमीटर.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंत पिवळी तार कायम वीजपुरवठ्याची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. पिवळी-लाल यांची अदलाबदल झाली, तर चावी काढताच साठवलेली स्टेशने पुसली जातात. गाडीच्या मूळ तारांचे रंग मात्र वेगळे असू शकतात, म्हणून मल्टिमीटरने तपासणेच खरे. स्पीकरची निगेटिव्ह तार बॉडीला कधीही जोडू नये, अ‍ॅम्प्लिफायर जळतो.

केवळ एफएमचा स्टिरिओ घेतल्यास आकाशवाणी पुण्याचे 792 किलोहर्ट्झवरचे प्रसारण त्यावर लागत नाही.