घोड्यांची शर्यत, हातातला मोबाइल आणि बारा फेऱ्यांचा हिशेब

किराणा असो, कापड असो वा धान्याची अडत असो, व्यापारी घरातील मुलाला दुकानात बसल्यावर पहिला धडा मिळतो तो भांडवलाच्या फेऱ्याचा. नफा थोडा असला तरी चालेल, पण रोकड अडकून पडता कामा नये. एक लाख रुपये दोन टक्के नफ्यावर वर्षातून बारा वेळा फिरले आणि नफाही धंद्यातच राहिला, तर वर्षाअखेर 1,26,824 रुपये होतात. सावकाराचे व्याज ज्याला परवडत नाही त्यालाही हा हिशेब तारतो. पिढ्यान् पिढ्यांच्या पेढ्या याच गणितावर उभ्या राहिल्या.

हीच शिकवण घेऊन घरातला तरुण जेव्हा मोबाइलवर घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावू लागतो, तेव्हा ती त्याच्याच अंगावर उलटते. आळशी, उडाणटप्पू मुलगाच जुगारात बुडतो हा समज खरा नाही. आकडेमोडीत हुशार, जोखीम घेण्यास न कचरणारा, दिवसभर भाव पाहण्याची सवय असलेला मुलगा या वाटेला लवकर लागतो, कारण तिथली भाषा त्याला बाजाराचीच वाटते. तिथेही ‘भाव’ असतो, तिथेही ‘खाणे’ आणि ‘लावणे’ असते, आणि तिथेही मागील आकड्यांचा अभ्यास करून पुढचा अंदाज बांधायचा असतो.

शर्यतीवरील पैज मुख्यतः दोन प्रकारे चालते. एक बुकीकडे आणि दुसरी टोटवर. टोटची पद्धत जोसेफ ओलेर या गृहस्थाने 1867 च्या सुमारास पॅरिसमध्ये रूढ केली. सर्वांचे पैसे एका गल्ल्यात जमा करायचे, त्यातून चालकाचा वाटा व कर आधीच कापून घ्यायचा आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत त्यांच्या पैजेच्या प्रमाणात वाटायची. पुढे जॉर्ज ज्यूलियस या अभियंत्याने हा हिशेब आपोआप करणारे यंत्र बनवले आणि 1913 साली न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एलर्सली मैदानावर ते प्रथम चालले. संगणक येण्याच्या कितीतरी आधी हजारो तिकिटांची बेरीज अचूक करणारे ते यंत्र अभियांत्रिकीचे नवल होते, यात शंका नाही. पण व्यापाऱ्याने लक्ष द्यावे ते वेगळ्या गोष्टीकडे. कोणता घोडा पहिला येतो याच्याशी टोट चालवणाऱ्याला काही देणेघेणे नसते. तो अडत्यासारखा आहे. माल कोणाचाही विको, अडत त्याला मिळणारच. बुकी हेच काम भाव कमी ठेवून करतो. दोन घोडे अगदी तुल्यबळ असतील तर शंभरास शंभर हा रास्त भाव झाला; बुकी ऐंशीच देतो.

आता बारा फेऱ्यांचा हिशेब पुन्हा मांडावा. गल्ल्यातून होणारी कपात वीस टक्के धरली, तर खेळणाऱ्या सर्वांच्या हाती मिळून शंभरातले ऐंशी परत येतात. तेच ऐंशी पुढच्या शर्यतीवर लावले की चौसष्ट उरतात. एक लाख रुपये अशा रीतीने सहा शर्यतींतून फिरले तर सरासरीने 26,214 रुपये राहतात, आणि बारा शर्यतींनंतर 6,872 रुपये. एखाद्याचे नशीब उजळते, एखादा पहिल्याच डावात मोकळा होतो. पण सर्वांची मिळून बेरीज याहून निराळी होत नाही. वीस टक्के हा आकडा फुगवून सांगितलेलाही नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून शर्यतीवरील अधिकृत पैजेला 40 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आहे. परवान्याविना चालणारा ऑनलाइन बुकी हा कर भरत नाही, त्यामुळे त्याचा भाव अधिक गोड दिसतो. पावतीविना मिळणारा माल स्वस्त का असतो आणि पुढे तो किती महागात पडतो, हे बाजारात बसलेल्यांना ठाऊक असते.

म्हणजे धंद्यात जो फेरा भांडवल वाढवतो, तोच येथे ते झिजवतो. जितका फेरा जलद, तितकी झीज जलद.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. शर्यत म्हणजे नशिबाचा खेळ नव्हे, तिथे अभ्यास लागतो; घोड्याची वंशावळ, मागील धावा, पाठीवरचे वजन, जॉकी, मैदानाचा ओलावा हे सारे पारखावे लागते. सर्वोच्च न्यायालयानेही 12 जानेवारी 1996 रोजी मद्रास रेस क्लबच्या संदर्भातील डॉ. के. आर. लक्ष्मणन् यांच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. परंतु हे कौशल्य कोणाच्या हाती आहे? 1980 च्या दशकात बिल बेंटर नावाचा अमेरिकन गणिती हाँगकाँगला गेला. तेथील शर्यतींची वर्षानुवर्षांची माहिती संगणकात भरून त्याने प्रत्येक घोड्याची शक्यता काढणारे सूत्र बसवले. सुरुवातीला पैसे गमावले, मग सूत्र सुधारत नेले आणि पुढे अफाट संपत्ती मिळवली. शर्यतीत कौशल्य असते ते हे. टोटच्या गल्ल्यात जिंकणाऱ्याला पैसे क्लब देत नाही, हरणारा देतो. तेव्हा दुकान वाढवल्यावर रात्री मोबाइल उघडणाऱ्याचा सामना घोड्याशी नसून अशा संगणकाशी असतो. आणि हे कौशल्य असणाऱ्यालाही कपात चुकत नाही. तिच्यावर मात करून उरेल एवढे ते असावे लागते.

व्यापारी समाजाला सट्टा अपरिचित होता असेही नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि कलकत्त्यात पावसावर पैजा लागत. ठराविक वेळेत छपराच्या पन्हाळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैसे लावले जात आणि त्यात व्यापारी मंडळी आघाडीवर असत. कलकत्त्यात 1897 साली कायदा करून हा पावसाचा सट्टा बंद करण्यात आला. घोड्यांच्या शर्यतीला मात्र इंग्रज सरकारने हात लावला नाही. साहेबाचा षौक तो खेळ आणि शेठजींचा षौक तो जुगार, असा तो न्याय होता.

तरीही त्या न्यायात एक व्यवहारी शहाणपण होते. 1887 चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आणि 1912 चा रेसकोर्सना परवाना देणारा कायदा या दोहोंनी मिळून पैजेभोवती दोन कुंपणे घातली. पैज शर्यतीच्या दिवशीच लागावी, आणि परवानाधारक मैदानात तिच्यासाठी राखलेल्या जागीच लागावी. महालक्ष्मीचे मैदान 1883 पासूनचे. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात. 1943 पासून चालत आलेली इंडियन डर्बी वर्षातून एकदाच. ज्याला पैसे लावायचे त्याला कपडे करून, तिकीट काढून, खिशात रोकड घेऊन तिथवर जावे लागे. तिथे ओळखीचा कोणी भेटण्याची धास्ती असे. दोन शर्यतींच्या मध्ये सुमारे अर्धा तास रिकामा जाई. खिसा रिकामा झाला की दिवस संपे.

मोबाइलने ही दोन्ही कुंपणे एकदम मोडली. आता जागा म्हणजे अंथरूण आणि दिवस म्हणजे चोवीस तास. भारतातील शर्यती संपल्या की इंग्लंडच्या सुरू होतात, पहाटे ऑस्ट्रेलियाच्या. मधला अर्धा तासही उरला नाही. त्याही पुढची पायरी म्हणजे ‘व्हर्च्युअल’ शर्यत. तिथे घोडा नाही, मैदान नाही, जॉकी नाही. पडद्यावर चित्रे धावतात आणि निकाल संगणकाच्या यादृच्छिक आकड्याने ठरतो. दर दोन-तीन मिनिटांनी एक शर्यत. ज्या कौशल्याच्या आधारे न्यायालयाने शर्यतीला जुगारापासून वेगळे काढले, त्याचा येथे लवलेश नाही. मैदानावर दिवसभरात होणारे फेरे येथे तासाभरात होतात.

जैन परंपरेने सप्तव्यसनांच्या यादीत द्यूताला पहिले स्थान दिले, मद्य-मांसाच्याही आधी. चौर्य, असत्य, कलह ही पुढची व्यसने आणि दोष द्यूताच्या मागोमाग घरात शिरतात, असे श्रावकाचाराचे ग्रंथ सांगतात. शर्यतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘निर्लांछन कर्म’ येते. पशूंचे अवयव छेदणे, त्यांना खच्ची करणे त्यात मोडते. शर्यतीचे कितीतरी घोडे खच्ची केलेले असतात. दोन वर्षांचे शिंगरू धावायला उतरते, अखेरच्या टप्प्यात चाबूक चालतो, आणि थरोब्रेड जातीच्या सडपातळ पायाचे हाड मोडले की बहुधा त्या प्राण्याला जगवता येत नाही. मैदानावर हे निदान डोळ्यांनी दिसते. मोबाइलवर घोडा म्हणजे एक क्रमांक आणि एक भाव. पांजरापोळास वर्षासनाची देणगी देणाऱ्या घरातील हात त्या क्रमांकावर पडतो, तेव्हा त्या हाताला प्राण्याची आठवणही होत नाही.

करांचा हिशेबही घरातील थोरांना माहीत असावा. धंद्यात एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा होतो. शर्यतीच्या पैजेत तसे होत नाही. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. वर्षभरात तीन लाख जिंकले आणि चार लाख हरले, म्हणजे हाती एक लाखाचा तोटा आला, तरी तीन लाखांवर 90,000 रुपये कर होतो, उपकर निराळा. तोट्यावर कर भरावा लागणारा असा धंदा कोणत्याही पेढीने पत्करला नसता.

ऋणाची गोष्ट याहून बिकट आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार न्यायालयात टिकत नाही, आणि जुन्या मुंबई प्रांतात 1865 च्या कायद्याने पैजेला पूरक असे इतर करारही निरर्थक ठरवले. मिताक्षरा परंपरेत द्यूताचे ऋण ‘अव्यावहारिक’ मानले जाई. बापाचे ते ऋण फेडणे मुलास बंधनकारक नसे. कागदावर हा सारा दिलासा वाटतो. पण ज्या येण्याची वसुली दिवाणी न्यायालयात होत नाही, त्याची वसुली दारात येऊन होते. व्यापाऱ्याची पत हेच त्याचे तारण असल्याने ‘बाजारात सांगू’ एवढी धमकी पुरते. बुकीला हे चांगले ठाऊक असते, आणि म्हणूनच पेढीच्या मुलाला तो आनंदाने उधार देतो.

गेल्या काही वर्षांत यात चालू खात्याची भर पडली आहे. बेकायदा बेटिंग ॲपना पैसे गोळा करण्यासाठी खरीखुरी, उलाढाल असलेली खाती हवी असतात. हरलेल्या तरुणाला सुचवले जाते की, फर्मच्या खात्यातून थोडी रक्कम फिरवू दे, देणे माफ करू. पुढे दूर कोठेतरी सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदली जाते, पैशाचा माग काढत ती या खात्यापर्यंत येते आणि खाते गोठवले जाते. त्या दिवशी कामगारांचे पगार, मालाचे धनादेश आणि कराचा भरणा एकाच वेळी अडकतो. मुलाने लावलेले पैसे कदाचित काही हजारच असतात.

22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांत कौशल्य आणि नशीब हा भेदच ठेवला नाही. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा, आणि बँकांना त्यासाठी पैसे वळते करण्यास मनाई, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा ठेवलेली नाही. हे योग्यच झाले. शिक्षेच्या भीतीने मुलगा घरात बोलायचाच बंद होतो. तथापि बंदी घातलेले ॲप दुसऱ्या नावाने परत येते, म्हणून कायद्यावर विसंबून वही बंद ठेवणे परवडणारे नाही.

वही उघडली तर खूण लवकर सापडते. रात्री अकरानंतर, पाचशे-हजारांच्या ठोक रकमा, अनोळखी व्यक्तींच्या यूपीआय पत्त्यांवर, दर वेळी निराळ्या नावाने. आणि मग एखादी मोठी जमा, जिच्यासमोर कोणतेही बिल नाही. पूर्वी रोकडवही रोज रात्री जुळवल्याखेरीज दिवा मालवत नसत. यूपीआय आल्यापासून बहुतेक दुकानांत ही जुळणी महिनाअखेर लेखापालाच्या कार्यालयात होते, आणि महिन्याभरात बाराच काय, बाराशे फेरे होऊन गेलेले असतात. पेढीचे आणि मुलाचे खाते वेगळे ठेवणे व रोजची जुळणी घरच्याच कोणीतरी करणे, एवढ्या दोन गोष्टी पुष्कळ काही वेळेवर उघड करतात.

उघड झाल्यावर घरात बहुधा दोन गोष्टी होतात. बाप रागाने बोलणे टाकतो किंवा आई दागिने मोडून देणे फेडते. दुसरा मार्ग अधिक मायेचा वाटतो, पण बुकीच्या दृष्टीने तो नव्या उधारीचा दाखला ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराचे व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे आणि त्यावर उपचार होतात. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा क्रमांक 14416 असून तिथे मराठीतही बोलता येते. खात्यातून पैशाची फसवणूक झाली असेल तर 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी लागते, आणि तीही जितक्या लवकर नोंदवली जाईल तितकी पुढे गेलेली रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक राहते.